रनिंग बॅकचा पुढचा मोसम जुन्या खेळाडूंवरून कसा ताडायचा

अमेरिकेत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला ऑगस्ट उजाडला की ऑफिसातलं कुणीतरी हमखास विचारतं, "आमच्या फँटसी लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, येणार का?" भिडेखातर हो म्हटलं जातं. फँटसी म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बनवायचा आणि त्यांच्या मैदानातल्या खेळावर गुण मिळवायचे. मग ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायच्या, रात्री समोर दोनशे नावांची यादी येते आणि त्यातला कोण यंदा धावेल, कोण बसेल, याचा काही पत्ता नसतो. त्यातही सगळ्यात बेभरवशाची जागा रनिंग बॅकची. क्वार्टरबॅककडून (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूकडून) चेंडू हातात घेऊन समोरच्या धिप्पाड गड्यांच्या भिंतीत घुसायचं, हे त्याचं काम. अशा प्रत्येक धावेला कॅरी म्हणतात आणि त्यात पुढे सरकलेलं अंतर यार्डांत मोजतात. मोसमात अडीचशे-तीनशे वेळा अंगावर माणसं झेलणाऱ्या गड्याचं पुढच्या वर्षी काय होईल, हे नुसतं गेल्या वर्षीच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

म्हणून ही पद्धत. आजच्या खेळाडूसारखे पूर्वी कोण होते ते शोधायचं आणि त्यांचं पुढच्या वर्षी काय झालं ते पाहायचं. मूळ कल्पना बेसबॉलमधली. बिल जेम्स यांनी १९८० च्या दशकात दोन खेळाडूंना १००० गुणांपासून सुरुवात देऊन प्रत्येक फरकाला गुण कापायची रीत काढली. पुढे नेट सिल्व्हर यांनी बनवलेली पेकोटा ही भाकीतपद्धतही अशाच तुलनांवर उभी राहिली. फुटबॉलवाल्यांनी ती कल्पना उचलली. आपल्याकडेही दर चार वर्षांनी मुंबईतल्या कुठल्यातरी पोराला 'नवा तेंडुलकर' ठरवतात, तीही तुलनाच. फक्त तिथे आधी नाव ठरतं आणि पुरावा मागाहून गोळा होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या हा क्रम सरळ करण्यासाठी आहेत.

आधी जवळ काय हवं

- मोसमवार आकडे. प्रो-फुटबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. तक्त्याच्या वर 'शेअर अँड एक्स्पोर्ट' असतं, तिथून सीएसव्ही (शीटमध्ये उघडणारी फाइल) घेता येते.
- गुगल शीट्स किंवा एक्सेल. कोडिंग येत असेल तर उत्तम, पण त्यावाचून काही अडत नाही.
- प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख, वजन आणि त्या मोसमात खेळलेले सामने. सामन्यांचा कॉलम नवखे लोक गाळतात आणि पुढे सगळंच गडबडतं.
- एक कोरा कागद. तुलनेचे नियम आकडे बघण्याआधी त्यावर लिहायचे. आकडे बघून नियम ठरवले की आवडत्या खेळाडूला झुकतं माप मिळतंच.

१. प्रश्नाचे तुकडे करा

"डेरिक हेन्री यंदा किती यार्ड काढेल?" हा एक प्रश्न दिसतो, पण त्यात तीन लपलेले आहेत: किती सामने खेळेल, दर सामन्यात किती कॅरी मिळतील आणि दर कॅरीमागे किती यार्ड पडतील. पहिल्याचं उत्तर दुखापतीवर ठरतं, दुसऱ्याचं बहुतांशी प्रशिक्षकावर. तिसऱ्यात खेळाडूइतकाच त्याच्या पुढे उभं राहून वाट मोकळी करणाऱ्या गड्यांचा, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचा, हात असतो. तिन्हींचे कॉलम वेगळे ठेवा. याचा फायदा पाचव्या पायरीत दिसेल.

टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेणं) या तुलनेत घेऊच नका. लाडेनियन टॉमलिनसनने २००६ मध्ये धावून २८ टचडाउन केले, पुढच्या वर्षी १५. शॉन अलेक्झांडर २००५ मध्ये २७ वर होता, २००६ मध्ये ७ वर आला. टचडाउन हा इतका लहरी आकडा आहे की त्यावरून जोड्या जुळवल्या तर जोड्याही लहरीच जुळतात.

२. माहिती साफ करा

इथे दोन खड्डे आहेत. पहिला नावांचा. २००७ ते २००९ मध्ये एनएफएलमध्ये एड्रियन पीटरसन नावाचे दोन खेळाडू होते. दोघंही रनिंग बॅक, एक मिनेसोटा व्हायकिंग्जचा आणि दुसरा शिकागो बेअर्सचा, आणि हे दोन्ही संघ एकाच डिव्हिजनमधले. नावावरून तक्ते जोडलेत तर बेअर्सच्या पीटरसनचे कॅरी व्हायकिंग्जच्या पीटरसनच्या खात्यात बिनबोभाट जमा होतात. संकेतस्थळ प्रत्येक खेळाडूला एक स्वतंत्र कोड देतं, जोडणी त्यावरच करा.

दुसरा खड्डा वयाचा. नुसतं '२९' लिहून भागत नाही. १ सप्टेंबर ही तारीख धरून वय दशांशात काढा. २९.०५ आणि २९.९५ यांत जवळजवळ एक वर्षाचा फरक असतो आणि या जागेवर तिशीच्या आसपासचं एक वर्ष फार महाग पडतं.

३. काळाचा फरक काढून टाका

१९६१ ते १९७७ मोसम १४ सामन्यांचा होता, १९७८ पासून १६ चा आणि २०२१ पासून १७ चा. एका मोसमातल्या यार्डांचा विक्रम आजही एरिक डिकरसनच्या नावावर आहे: १९८४ मध्ये २१०५. पण ते १६ सामन्यांत. ओ. जे. सिम्पसनने १९७३ मध्ये २००३ यार्ड काढले ते १४ सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे १४३. डिकरसनचे १३२ पडतात. त्यामुळे एकूण यार्डांवरून तुलना करायचीच नाही, सगळं दर सामन्यामागे.

एवढ्यानेही भागत नाही, कारण खेळच बदललाय. २००३ मध्ये सर्वाधिक कॅरी रिकी विल्यम्सच्या होत्या, ३९२. २०२३ मध्ये सर्वाधिक कॅरी डेरिक हेन्रीच्या, अवघ्या २८०. आता संघ दोन-तीन बॅक आलटून पालटून वापरतात आणि चेंडू फेकतात जास्त. २००३ मध्ये २८० कॅरीवाला मधल्या फळीतला, २०२३ मध्ये तोच अव्वल. यावर उपाय असा: त्या त्या वर्षाच्या मुख्य बॅकची (समजा, १०० हून जास्त कॅरीवाल्यांची) सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढा. मग आपला खेळाडू सरासरीपासून किती विचलनं वर किंवा खाली आहे, तो आकडा तुलनेत वापरा.

४. अंतर मोजा

आता मुख्य काम. कागदावर कॉलम ठरवा: वय, दर सामन्यातल्या कॅरी, दर कॅरीमागचे यार्ड, झेललेले पास, वजन, आजवरच्या एकूण कॅरी. मोसम सुरू होण्याआधी जे माहीत असतं तेवढंच घ्यायचं. प्रत्येक कॉलममधला फरक त्या कॉलमच्या प्रमाण विचलनाने भागा, वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर जितकं लहान तितकी जोडी जवळची.

उदाहरण घेऊ. २०२३ संपल्यावर हेन्रीकडे बघताना सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, एडी जॉर्ज. तोही टेनेसी टायटन्सचा, तोही हायझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार) मिळवलेला, तोही सहा फूट तीन इंचांचा. २००२ चा जॉर्ज वयानेही हेन्रीच्या आगेमागेच. आता आकडे मांडा:

- हेन्री, २०२३: २८० कॅरी, ११६७ यार्ड, १७ सामने. सामन्यामागे १६.५ कॅरी, कॅरीमागे ४.२ यार्ड. वजन २४७ पौंड.
- जॉर्ज, २००२: ३४३ कॅरी, ११६५ यार्ड, १६ सामने. सामन्यामागे २१.४, कॅरीमागे ३.४. वजन २३५.
- कर्टिस मार्टिन (न्यूयॉर्क जेट्स), २००२: २६१ कॅरी, १०९४ यार्ड, १६ सामने. सामन्यामागे १६.३, कॅरीमागे ४.२. वजन २१०.

खेळाच्या आकड्यांत मार्टिन हा हेन्रीचा जुळा भाऊ वाटावा. शरीराने मात्र जॉर्ज जवळचा. (काळाचा फरक इथे सोपेपणासाठी काढलेला नाही, तुम्ही काढा.) समजा, कॅरीचं प्रमाण विचलन ४, यार्डांचं ०.६ आणि वजनाचं १३ पौंड धरलं. तिन्ही कॉलमना सारखाच मान दिला तर जॉर्जचं अंतर २.०३ येतं आणि मार्टिनचं २.८५, म्हणजे जॉर्ज जवळचा ठरतो. वजनाच्या वर्गाला चौथाई मान दिला की जॉर्ज १.८७ वर आणि मार्टिन १.४२ वर येतो. निकाल उलटला! एका कॉलमला किती मान द्यायचा, एवढ्या एका निर्णयावर 'हा कुणासारखा' याचं उत्तर फिरतं. म्हणून हे गुणक आपल्या मनाने ठरवायचे नाहीत, सहाव्या पायरीतल्या परीक्षेवर सोडायचे.

पुढे काय झालं तेही सांगतो. जॉर्जने २००३ मध्ये ३१२ कॅरीत १०३१ यार्ड काढले, कॅरीमागे ३.३. नंतर टायटन्सने त्याला सोडलं आणि डॅलसमध्ये ४३२ यार्डांवर त्याची कारकीर्द आटोपली. मार्टिन २००३ मध्ये १३०८ वर गेला आणि २००४ मध्ये १६९७ यार्ड काढून लीगमध्ये पहिला आला. हेन्री २०२४ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला, लमार जॅक्सन या क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने १९२१ यार्ड काढले, कॅरीमागे ५.९. दोघांपैकी एकाही जोडीदाराने हे सांगितलं नव्हतं, पण मार्टिनने निदान दिशा बरोबर दाखवली होती. दोन-तीन नावांवर कधीच थांबू नये, ते यासाठी. पंधरा-वीस जोडीदार घ्या आणि जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी मान द्या.

५. जोडीदारांचं पुढचं वर्ष वाचा

ही पायरी सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. २०२४ च्या मोसमानंतर फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीबद्दल हाच प्रश्न होता. त्याने २००५ यार्ड काढले होते. त्याच्याआधी २००० चा टप्पा ओलांडलेले आठच जण:

- ओ. जे. सिम्पसन, १९७३: २००३. पुढच्या वर्षी ११२५.
- एरिक डिकरसन, १९८४: २१०५. पुढे १२३४, १४ सामने.
- बॅरी सँडर्स, १९९७: २०५३. पुढे १४९१.
- टेरेल डेव्हिस, १९९८: २००८. पुढे २११, गुडघा गेला, ४ सामने.
- जमाल लुईस, २००३: २०६६. पुढे १००६, १२ सामने.
- ख्रिस जॉन्सन, २००९: २००६. पुढे १३६४.
- एड्रियन पीटरसन (व्हायकिंग्जचा), २०१२: २०९७. पुढे १२६६, १४ सामने.
- डेरिक हेन्री, २०२०: २०२७. पुढे ९३७, ८ सामने.

पुढच्या वर्षाची सरासरी १०७९ आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ११८०. डेव्हिसच्या २११ मुळे सरासरी खाली ओढली जाते, म्हणून मी मध्यक आधी बघतो. आता पहिल्या पायरीतले तुकडे आठवा. हे आठजण मिळून पुढच्या मोसमात १२७ पैकी ९८ सामने खेळले, साधारण ७७ टक्के. जे खेळले त्यात सामन्यामागे ८८ यार्ड. १७ सामन्यांच्या मोसमाला लावलं तर १३ सामने आणि साडेअकराशेच्या आसपास यार्ड.

२०२५ मध्ये बार्कलीचे यार्ड अकराशेच्या घरात आले. आकडा जवळपास तंतोतंत! पण तो १६ सामने खेळला आणि सामन्यामागे सत्तरच्या आसपास राहिला. गणित म्हणत होतं की सामने चुकतील आणि खेळेल तेव्हा झकास खेळेल. झालं उलटं: सामने चुकले नाहीत, धार गेली. फँटसी खेळणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. खेळाडू चार आठवडे बाहेर असेल तर त्याच्या जागी दुसरा लावता येतो. तो दर आठवड्याला मैदानात उतरून फिका खेळत असेल तर त्याला बसवायचं धाडस होत नाही. एकूण आकडा जुळला म्हणून पाठ थोपटून घेऊ नका, तिन्ही तुकडे तपासा.

या यादीवरून "दोन हजार यार्ड काढले की शरीर मोडतं" असं म्हणणारे भेटतील. सँडर्स, जॉन्सन आणि सिम्पसन पुढच्या वर्षी एकही सामना चुकले नाहीत, तरी २७ ते ४४ टक्क्यांनी घसरले. आपण यादीच शिखरांची केलीय. शिखरावर पोचायला कौशल्याबरोबर निरोगी मोसम, चांगली लाइन आणि नशीब हे सगळं एकदम जुळावं लागतं, आणि ते दरवर्षी जुळत नाही. '३७० कॅरीचा शाप' (एका मोसमात ३७० कॅरी झाल्या की पुढचं वर्ष वाया जातं) म्हणून जे सांगतात त्यातही हेच आहे. लॅरी जॉन्सन २००६ मध्ये ४१६ कॅरीनंतर १५८ वर आला, हे सगळ्यांना पाठ असतं. डिकरसनने १९८३ मध्ये ३९० कॅरी केल्या आणि पुढच्याच वर्षी विक्रम केला, टॉमलिनसनने २००२ मधल्या ३७२ नंतर पुन्हा १६४५ यार्ड काढले, हे कुणी सांगत नाही. म्हणून जोडीदार निवडताना 'इतक्या यार्डांच्या वर' अशी चाळणी लावू नका, चौथ्या पायरीतलं अंतर वापरा.

आणखी एक मोठा सापळा रिकाम्या ओळींचा. जिम ब्राउनने १९६५ मध्ये १५४४ यार्ड काढले आणि खेळ सोडला. रॉबर्ट स्मिथने २००० मध्ये १५२१ काढून, टिकी बार्बरने २००६ मध्ये १६६२ काढून तेच केलं. सँडर्सही १९९८ च्या १४९१ नंतर परतला नाही. लेव्हिऑन बेल करारावरून भांडून २०१८ चा पूर्ण मोसम घरी बसला. स्प्रेडशीटमध्ये यांच्या पुढच्या वर्षाची ओळ कोरी येते आणि सरासरीचं सूत्र ती मुकाट्याने वगळतं. तसंच ते दुखापतीने संपलेल्यांना आणि संघाने काढून टाकलेल्यांनाही वगळतं, आणि मग उरलेली यादी उगाच गुलाबी दिसते. माझा नियम असा: धडधाकट असताना स्वखुशीने थांबला तर वगळा, पण बाजूला नोंद ठेवा. दुखापतीने किंवा कुणी संघात घेतलं नाही म्हणून थांबला तर शून्य भरा. हे हाताने, एकेक नाव बघून करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

६. जुन्या वर्षांवर परीक्षा घ्या

२०१५ ते २०२२ यांतलं प्रत्येक वर्ष घ्या, त्यापुढचं सगळं झाका, भाकीत काढा आणि मग झाकण उघडा. सोबत एक अगदी मठ्ठ भाकीतही ठेवा: खेळाडूचं गेलं वर्ष आणि लीगची सरासरी यांचा मध्य. तुमची पद्धत त्या मठ्ठाला हरवत नसेल तर गुणक बदला. तरीही हरवत नसेल तर मठ्ठच वापरा, त्यात कमीपणा नाही. यार्ड प्रति कॅरी या कॉलममध्ये असं बरेचदा होतं, कारण तो आकडा वर्षागणिक खूप हेलकावे खातो. कॅरीचं भाकीत त्या मानाने बरं उतरतं.

गुणक फार वेळा बदलून जुन्या वर्षांना चपखल बसवू नका. दोन-तीन वर्षं शेवटच्या परीक्षेसाठी राखून ठेवा आणि त्यांना आधी हात लावू नका.

७. हाताने दुरुस्ती, पण जपून

तुलनेला संघबदल दिसत नाही. बार्कलीने २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून २४७ कॅरीत ९६२ यार्ड काढले होते, कॅरीमागे ३.९. पुढच्या वर्षी ईगल्सच्या लाइनमागे तोच माणूस ५.८ वर गेला. संघ, प्रशिक्षक, क्वार्टरबॅक किंवा लाइनचे दोनहून जास्त खेळाडू बदलले असतील तर मधला आकडा थोडाच हलवा, पट्टा (खालच्या आणि वरच्या अंदाजामधलं अंतर) मात्र दोन्ही बाजूंनी रुंद करा. लाइन बदलली की चांगलंही होतं आणि वाईटही, आणि कुठलं होणार ते ऑगस्टमध्ये कळत नाही. सरावशिबिरातल्या "यंदा त्याला जास्त पास देणार" छापाच्या बातम्यांवर मी काहीच हलवत नाही. दर वर्षी प्रत्येक संघातून हीच बातमी येते.

८. ड्राफ्टच्या कागदावर काय लिहायचं

प्रत्येक नावापुढे तीन आकडे: जोडीदारांतल्या खालच्या चौथाईचा, मधला आणि वरच्या चौथाईचा. शेजारी अपेक्षित सामने. एकच आकडा लिहिलात तर ड्राफ्टच्या घाईत तुम्ही त्यालाच सत्य मानाल.

दोन बॅकचा मधला आकडा सारखाच असेल तर फेरी बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत ज्याचा खालचा आकडा मोठा तो घ्या, कारण तिथे बुडालेला खेळाडू अख्खा मोसम बुडवतो. आठव्या-नवव्या फेरीनंतर ज्याचा वरचा आकडा मोठा तो घ्या. तिथे फसला तर पुढच्या मंगळवारी त्याला सोडून दुसरा उचलता येतो.